वाचक जेव्हा यंत्र असतो



संगणकाच्या आज्ञावलीबरोबर माहितीपुस्तिका देण्याची प्रथा जुनी आहे. अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन आणि डेनिस रिची यांनी युनिक्स ही संगणकप्रणाली घडविली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मध्ये तयार झाली. तीत प्रत्येक आज्ञेची माहिती ठरावीक मथळ्यांखाली दिलेली होती : आज्ञेचे नाव, ती लिहिण्याची रीत, तिचे कार्य, चूक झाल्यास मिळणारी सूचना आणि तिच्यातील ज्ञात दोष. आपल्या कृतीतील उणीव वापरणाऱ्याला आधीच सांगून ठेवण्याचा हा प्रांजळपणा सगळ्याच पुस्तिकांत आढळत नाही.

तरीही काम अडले नाही, कारण वाचक माणूस होता. पुस्तिकेत जे लिहिलेले नसे ते तो शेजारच्या सहकाऱ्याला विचारी आणि शंका आली की हात आवरी. पुस्तिकेतील उणीव माणसाचा अनुभव भरून काढीत असे.

आता या पुस्तिकांना दुसरा वाचक लाभला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे, ‘एजंट’ म्हणून ओळखले जाणारे कार्यक्रम माणसाच्या वतीने इतर आज्ञावली चालवितात. २०२३ पासून भाषा-प्रारूपांना अशी साधने जोडण्याची सोय सर्रास उपलब्ध होऊ लागली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक या कंपनीने त्यासाठी ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ हा खुला संकेत प्रसिद्ध केला. या व्यवस्थेत प्रारूपाला प्रत्येक साधनाचे नाव, साध्या भाषेतील वर्णन आणि कोणती माहिती कोणत्या स्वरूपात पुरवावी याचा तक्ता मिळतो. साधनाच्या पोटात काय चालते ते त्याला सहसा दिसत नाही. कोणते साधन केव्हा वापरावे, हे ते या ओळींवरूनच ठरविते. म्हणजेच वर्णन हे आता साधनाला बाहेरून लावलेली चिठ्ठी राहिले नसून साधनाचाच एक भाग झाले आहे.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. एखाद्या ग्रंथालयाच्या आज्ञावलीत एक साधन आहे आणि त्याचे वर्णन एवढेच आहे : ‘सभासदाची नोंद काढते.’ ‘काढते’ म्हणजे शोधून दाखविते की पुसून टाकते? पुसल्यास ती परत आणता येते काय? सभासदाकडे पुस्तके असतील तर त्यांचे काय? एकाच नावाचे दोघे असतील तर कोणाची नोंद जाईल? तेथील ग्रंथपालाला हे सारे ठाऊक असते. एजंटाला नसते, आणि प्रश्न विचारण्याऐवजी तो सर्वांत संभाव्य वाटणारा अर्थ धरून पुढे जाण्याचा धोका असतो.

तेच वर्णन असे लिहिता येईल : ‘सभासदाची नोंद कायमची पुसते, ती परत मिळत नाही. सभासद क्रमांक आवश्यक. नाव चालत नाही. पुस्तके येणे असल्यास नोंद न पुसता त्यांची यादी देते. सभासदत्व तात्पुरते थांबवावयाचे असल्यास हे साधन वापरू नये. “स्थगिती” हे साधन वापरावे.’ यात अलंकार नाही. परंतु परिणाम, अट आणि मर्यादा या तिन्ही गोष्टी आल्या आहेत. साधन केव्हा वापरू नये, हे सांगणारे वाक्य बहुधा सर्वांत मोलाचे ठरते.

तारखांच्या बाबतीतही हेच. ३/४ म्हणजे भारतात तीन एप्रिल, अमेरिकेत चार मार्च. क्रम लिहून दिला नाही तर गोंधळ अटळ आहे. त्रुटिसूचनाही शिकविणारी असावी. ‘माहिती अवैध’ यापेक्षा ‘तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने द्यावी’ ही सूचना एजंटाला पुढचे पाऊल दाखविते. मात्र विस्तारालाही मर्यादा हवी. प्रारूप एका वेळी ठरावीक मजकूरच विचारात घेऊ शकते. पाल्हाळात महत्त्वाची अट हरवते.

परंतु केवळ चांगले लिहून भागत नाही. मंगळाकडे पाठविलेले ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे नासाचे यान सप्टेंबर १९९९ मध्ये नष्ट झाले. लेखी विनिर्देशात मेट्रिक एकके सांगितली होती. पृथ्वीवरील एका आज्ञावलीने मात्र आकडे इंग्रजी एककांत दिले. कागद बरोबर होता, कृती त्याप्रमाणे नव्हती. म्हणून वर्णन लिहिल्यावर एजंटाकडून प्रत्यक्ष कामे करवून पाहावीत, तो जेथे चुकतो तेथील शब्द सुधारावेत, आणि आज्ञावली बदलली की वर्णनही त्याच दिवशी बदलावे. जे कृत्य मागे घेता येत नाही, त्यापूर्वी माणसाची संमती घेण्याची अट साधनातच असावी. ती केवळ वर्णनाच्या भरवशावर सोडू नये.

कारण चुकीची किंमत एजंट मोजीत नाही. ती मोजतो ज्याची नोंद पुसली गेली तो सभासद, आणि वर्णन कोणी लिहिले हे त्याला कधी कळतही नाही. त्या अनोळखी माणसाविषयीची जबाबदारी ओळखून लिहिलेली पुस्तिका यंत्राला उपयोगी पडेलच. शिवाय कामावर पहिल्याच दिवशी आलेल्या नवख्या माणसालाही ती तितकीच उपयोगी पडेल.