प्लॅस्टिकच्या खिडक्या कशानं पुसाव्यात?



गणपती-नवरात्र आटोपलं की घरोघरी दिवाळीच्या साफसफाईला सुरुवात होते. माळे उपसले जातात, पडदे भिजत पडतात आणि मग पाळी येते खिडक्यांची. आपल्या जुन्या घरांतल्या खिडक्या सागवानी होत्या. ओलं फडकं फिरवलं आणि काही वर्षांनी तेलरंगाचा हात दिला, की त्यांचं भागायचं. आता पुण्या-मुंबईच्या, नाशिकच्या नव्या इमारतींत पांढऱ्या प्लॅस्टिकच्या चौकटी दिसतात. दुकानात त्यांना यूपीव्हीसीच्या खिडक्या म्हणतात. 'यांना मेंटेनन्स लागत नाही' असं विकणारा सांगतो. त्यांना वाळवी लागत नाही, त्या गंजत नाहीत, रंगही मागत नाहीत, हे खरं आहे. पण त्यांचा पृष्ठभाग एकदा खराब झाला, की लाकडासारखा घासून, लांबी भरून नव्यासारखा करता येत नाही. म्हणून त्यांना काय लावायचं, यापेक्षा काय लावायचं नाही, हे आधी सांगतो.

प्लंबर पांढरे पाइप जोडतो ते आठवून पाहा. छोट्या डबीतलं उग्र वासाचं सोल्युशन तो ब्रशनं पाइपाच्या टोकाला लावतो, पाइप एल्बोत सरकवतो, किंचित फिरवतो आणि थोडा वेळ दाबून धरतो. मग तो जोड हातानं सुटत नाही. ते सोल्युशन पीव्हीसीचा वरचा थर विरघळवतं. दोन्ही बाजू मऊ होतात, एकमेकींत मिसळतात आणि पुन्हा घट्ट होतात. तुमच्या खिडकीची चौकट त्याच पीव्हीसीची आहे. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं अ‍ॅसिटोन आणि रंगाऱ्याकडच्या थिनरमधली द्रावकं पीव्हीसीला अशीच मऊ करतात. रंगकाम झाल्यावर चौकटीवर उडालेले शिंतोडे काढायला कारागीर थिनरचा बोळा फिरवतो. डाग निघतो, पण त्याबरोबर चौकटीची तकाकीही जाते. तिथला भाग खडबडीत होतो आणि धूळ नेमकी तिथंच धरते. रंगाचा वाळलेला थेंब नखानं किंवा जुन्या प्लॅस्टिक कार्डाच्या कडेनं हलकेच उचलावा. सिमेंटच्या शिंतोड्यावर ओलं फडकं ठेवून तो आधी भिजू द्यावा. रंगारी घरात येण्याआधीच चौकटींना कागदी टेप लावून घेतलीत, तर हा प्रश्नच उरत नाही.

दुसरी चूक घासणीची. हिरवी घासणी, तारेचा काथ्या, भांड्यांची पावडर यांनी चौकट त्या दिवशी लख्ख दिसते. पण चौकटीचं प्लॅस्टिक मुळात गुळगुळीत असतं. मळ त्याच्या आत शिरत नाही, नुसता वर बसतो. घासणीनं त्यावर बारीक चरे पडले, की मळाला शिरायला जागा मिळते. पुढच्या वर्षी चौकट अधिक लवकर काळवंडते, आपण आणखी जोरात घासतो आणि चरे वाढतात. पांढरा 'जादूचा स्पंज' बाजारात मिळतो, तोही हाताला मऊ लागला तरी काम घासण्याचंच करतो. हट्टी डागावर तो एकदा हलक्या हातानं चालेल, रोजच्या पुसण्यासाठी नाही. लाकडासारख्या दिसणाऱ्या तपकिरी चौकटींवर वरून पातळ रंगीत फिल्म चिकटवलेली असते. त्यांना हा स्पंज लावूच नका, खाण्याचा सोडाही नको.

मग लावायचं काय? बादलीत कोमट पाणी आणि त्यात भांडी घासायच्या लिक्विडचे थोडे थेंब. मऊ सुती किंवा मायक्रोफायबरचं फडकं, आणि नंतर साध्या पाण्याचा दुसरा हात. बहुतेक घरांत याहून अधिक काही लागत नाही. स्वयंपाकघरातल्या खिडकीवर फोडणीचा मेणचट थर असतो. तिथं साबणाचं फडकं पाचेक मिनिटं ठेवून द्या, तेल सुटेल. ते सुटलं नाही तरच खाण्याच्या सोड्याची ओलसर पेस्ट बोटानं फिरवा. हे काम सकाळी किंवा उन्हं उतरल्यावर करा. तापलेल्या चौकटीवर साबण जागच्या जागी वाळतो आणि ओघळ उठतात.

बोअरचं पाणी जड असेल तर क्षारांचे पांढरे ठिपके राहतात. ते पाण्यात मिसळलेल्या व्हिनेगरनं निघतात. पण खिडकीखालचा कट्टा संगमरवरी किंवा कडाप्प्याचा असेल तर जपा. हे दगड चुन्याच्या जातीचे असतात, आंबट पदार्थ पडला की त्यांची पॉलिश जाते.

दुकानात यूपीव्हीसीसाठी म्हणून खास क्लीनर मिळतात. त्यांतल्या काहींमध्ये सौम्य द्रावक असतं. चौकटीचा अगदी वरचा थर किंचित विरघळवून ते तिला उजळवतात. नव्या खिडकीवरचा डिंक काढायला किंवा फार जुना डाग घालवायला ते ठीक आहेत. मात्र दर महिन्याला वापरायची ती वस्तू नव्हे. आधी कुठल्या तरी आडबाजूच्या कोपऱ्यात लावून पाहावं. वर्षानुवर्षांच्या उन्हानं प्लॅस्टिकच पिवळं पडलं असेल, तर ते कोणत्याही बाटलीनं पांढरं होणार नाही. त्यावर पैसे घालवू नका.

एक गोष्ट जिवाशी गाठ असणारी आहे. डाग जात नाही म्हणून ब्लीच आणि संडास साफ करायचं अ‍ॅसिड एकत्र करू नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो. अमोनिया असलेल्या काच-क्लीनरबरोबरही ब्लीच नको. बंद खोलीत, खिडकीत वाकून काम करणाऱ्या माणसाच्या छातीत असे वायू थेट जातात. घरकामाला येणाऱ्या मावशींच्या हाती आपण बाटल्या देतो, तेव्हा हे त्यांना समजावून सांगणं आपलं काम आहे. कबुतरांची घाणही कोरडी खरवडू नका. तिची धूळ फुप्फुसांना बाधते. आधी पाणी मारून ती भिजवा, तोंडाला मास्क बांधा, मग पुसा. आणि वरच्या मजल्यावर बाहेरची बाजू पुसायला कुणालाही कठड्यावर उभं करू नका. हात पोचेल तेवढंच करायचं, बाकीचं माहीतगार माणसाकडून.

आता ट्रॅककडे वळू. माझ्या मते खिडकीच्या साफसफाईतलं सगळ्यात महत्त्वाचं काम हेच आहे, आणि चौकट चकचकीत करण्याच्या नादात तेच राहून जातं. सरकती खिडकी उघडून खालच्या खाचेत पाहा. धूळ, केस, मेलेले किडे, पावसाच्या पाण्यानं झालेला चिखल आणि त्याचा वाळलेला काळा थर. त्याच खाचेत, बहुधा दोन्ही टोकांजवळ, बारीक लांबट भोकं असतात. आत आलेलं पावसाचं पाणी चौकटीच्या पोकळीतून बाहेर जावं म्हणून ती ठेवलेली असतात. ती बुजली की खाच तुडुंब भरते आणि पाणी घरात उतरतं. आपण म्हणतो, खिडकी गळते. मग सिलिकॉन भरणाऱ्याला बोलावतो, आणि तो कधीकधी तीच भोकं बंद करून जातो.

खाच पुसताना आधी पाणी ओतू नका, चिखल होऊन तो भोकांतच जाईल. कोरडी धूळ जुन्या टूथब्रशनं किंवा रंगाच्या रुंद ब्रशनं सैल करा आणि व्हॅक्यूम क्लीनर असेल तर त्यानं ओढून घ्या. मग ओलं फडकं. भोकात खराट्याचा एक हीर हळूच घालून फिरवा. शेवटी कपभर पाणी ओता आणि ते बाहेरच्या बाजूनं पडतं का, हे डोळ्यांनी पाहा. ते साचून राहिलं, तर वाट अजून बुजलेली आहे.

काचेभोवतीची काळी रबरी पट्टी साबणाच्या पाण्यानं पुसून कोरडी करा. तिला खोबरेल किंवा शिलाई मशीनचं तेल लावू नका. तेलावर धूळ बसतेच, शिवाय खनिज तेलानं हे रबर फुगतं. खिडकी जड सरकत असेल तर सिलिकॉनचा स्प्रे फडक्यावर घेऊन खाच पुसा, तेवढा पुरतो.

दिवाळीत खिडक्या पुसालच. पण भोकांत हीर फिरवण्याचं आणि कपभर पाणी ओतून पाहण्याचं काम मृगाच्या आधी, मे महिन्यात, पुन्हा एकदा करा. खर्च काही नाही, आणि पावसाळ्यात खिडकीखालची भिंत कोरडी राहील.