तबकडीची दोरी

आकाशवाणीच्या या खोलीत बसून मी आजवर कवितेवर बोललो, ईदच्या दिवशी ईदवर बोललो. या खेपेस विषय तुम्हीच सुचवा असं मला सांगण्यात आलं, तेव्हा मी म्हटलं, वाईट सिनेमांवर बोलतो. फोनवर पलीकडून थोडा वेळ काहीच आवाज आला नाही. मग हळूच विचारणा झाली, "म्हणजे तसले?" म्हटलं, तसले नव्हेत. परग्रहावरून आलेल्या लोकांचे, उडत्या तबकड्यांचे, चार पैशांत उरकलेले आणि इतके फसलेले, की फसले म्हणूनच लोक वर्षानुवर्षं आवडीनं पाहतात, असले सिनेमे.

मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस. विज्ञानाशी माझा संबंध दहावीला संपला. हा नाद मला माझ्या मुलीनं लावला. ती पुण्यात नोकरी करते. सुटीत घरी आली की रात्री संगणकावर काहीतरी लावून बसते. एका रात्री ती एकटीच एवढी हसत होती, की तिची आई झोपेतून उठून आली. मागोमाग मीही जाऊन बसलो. पडद्यावर काळ्यापांढऱ्या आभाळातून एक तबकडी लटपटत चालली होती. मुलगी म्हणाली, "अब्बा, वर बघा. दोरी दिसतेय."

तो सिनेमा होता 'प्लॅन नाइन फ्रॉम आउटर स्पेस'. एड वूड नावाच्या बत्तीस वर्षांच्या दिग्दर्शकानं १९५६च्या अखेरीस लॉस एंजलिसला त्याचं चित्रण केलं. गोष्ट अशी. माणसानं अणुबॉम्ब केला, हायड्रोजन बॉम्ब केला. आता तो सूर्याचा प्रकाशच पेटवणारा बॉम्ब करील आणि सगळं विश्व जाळून टाकील, या भीतीनं परग्रहावरचे लोक त्याला अडवायला येतात. आधीचे आठ बेत फसले म्हणून हा नववा. बेत काय, तर मेलेली माणसं कबरीतून उठवायची आणि जिवंतांवर सोडायची. सबंध सिनेमात ते उठवतात तीन. एका मोटारीच्या पाठलागात माणसं रात्रीतून दिवसात जातात आणि पुन्हा रात्रीत येतात. कबरीचे दगड धक्का लागला की डुलतात. विमानाच्या चालकाची खोली म्हणजे दोन खुर्च्या आणि मागं एक पडदा, आपल्याकडं न्हाणीघराला लावतात तसला. त्या तबकड्या म्हणजे जेवणाच्या ताटल्या असं पुष्कळ जण सांगतात. ते खरं नाही. दुकानात मिळणारी खेळण्यातली तबकडी आणून ती दोऱ्यांना टांगली होती.

हसू येतं, भरपूर येतं. पण यातली एक हकिगत कळल्यावर मला हसता येईना. एकेकाळी ड्रॅक्युलाच्या भूमिकेनं जग गाजवलेला नट बेला लुगोसी तेव्हा म्हातारा झाला होता, व्यसनानं खचला होता, त्याला कोणी काम देत नव्हतं. एड वूड देत होता. त्याच्याकडं लुगोसीची काही मिनिटांची चित्रफीत होती, आवाज नसलेली. ऑगस्ट १९५६मध्ये लुगोसी वारला. दुसरा कोणी असता तर ती फीत कपाटात ठेवून दिली असती. वूडनं तिच्याभोवती आख्खा सिनेमा रचला. उरलेल्या प्रसंगांसाठी त्यानं बायकोच्या ओळखीतले, मणक्यांवर उपचार करणारे एक गृहस्थ उभे केले. ते लुगोसीपेक्षा उंच, चेहऱ्यानं अजिबात न मिळणारे. म्हणून ते सगळीकडं काळा झगा नाकापर्यंत ओढून हिंडतात. पैसे पुरवले बाप्टिस्ट पंथाच्या भाविक मंडळींनी. त्यांनी अट घातली, म्हणून नटमंडळींपैकी काहींनी बाप्तिस्माही घेतला. मूळ नावात 'कबरी उकरणारे' असे शब्द होते, ते त्या मंडळींना रुचेनात, म्हणून नाव बदललं. एका सिनेमासाठी माणसं काय काय करतात!

सिनेमा आला आणि गेला. पुढं रात्री उशिरा टीव्हीवर दाखवला जायचा. डिसेंबर १९७८मध्ये एड वूड वारला तेव्हा तो चोपन्न वर्षांचा होता, दारूनं पोखरलेला, आणि भाड्याच्या घरातून बाहेर काढला जाऊन त्याला जेमतेम काही दिवस झाले होते. दोन वर्षांनी, १९८०मध्ये, एका अमेरिकन पुस्तकानं त्याला आजवरचा सर्वांत वाईट दिग्दर्शक ठरवलं आणि 'प्लॅन नाइन'ला सर्वांत वाईट चित्रपट. त्या थट्टेनं त्याचं नाव झालं. लोक रांगा लावून पाहू लागले. १९९४मध्ये टिम बर्टन या नामवंत दिग्दर्शकानं त्याच्यावर चित्रपट काढला. त्यात लुगोसी झालेल्या मार्टिन लँडाऊला ऑस्कर मिळालं. खुद्द लुगोसीला ते कधी मिळालं नव्हतं.

आता कोणी विचारील, वाईट सिनेमे काय सगळ्याच प्रकारचे असतात, मग लोकांचं प्रेम या विज्ञानकथांवरच का? मला वाटतं, इथं झेप आणि खिसा यांतलं अंतर सर्वांत मोठं असतं. सासू-सुनेचा वाईट सिनेमा काढायला घर, सासू आणि सून पुरते. ते सगळं आयतं मिळतं. चंद्र आयता मिळत नाही. परग्रहावरचा राजा, त्याचं यान, त्याचं शस्त्र, सगळं घरात जे सापडेल त्यातून करावं लागतं, आणि ते कशातून केलंय हे प्रेक्षकाला लगेच ओळखू येतं. तुर्कस्तानात १९८२ साली एक सिनेमा निघाला. जगाला वाचवणारा माणूस असं त्याचं नाव. अंतराळातली लढाई परवडेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या 'स्टार वॉर्स'ची चित्रफीत सरळ उचलून लावली. नायक शिरस्त्राण घालून बसलाय आणि त्याच्या पाठीमागं दुसऱ्याचा सिनेमा चालू आहे! चोरीच ती. पण इतक्या उघड्यावर चोरी करणाऱ्याचा राग येत नाही.

माझा सर्वांत लाडका मात्र 'रोबॉट मॉन्स्टर', १९५३चा. फिल टकर नावाच्या दिग्दर्शकानं चार दिवसांत संपवला. यंत्रमानवाचा पोशाख शिवायला पैसे नव्हते. त्याच्या ओळखीच्या एका नटाकडं गोरिलाचा पोशाख होता. झालं. खाली गोरिला आणि डोक्यावर पाणबुड्यासारखं शिरस्त्राण, त्याला दोन काड्या. हा प्राणी पृथ्वीवरची माणसं संपवायला आलाय. एका गुहेच्या तोंडाशी बसतो, आणि त्याच्या यंत्रातून साबणाचे फुगे निघतात. फुगे का निघतात हे कोणीही विचारत नाही. गंमत म्हणजे याला संगीत एल्मर बर्नस्टीनचं आहे, जो पुढं हॉलिवुडचा फार मोठा संगीतकार झाला. त्यानं हे काम टाकल्यासारखं केलेलं नाही. आणि मध्येच एक जागा अशी येते, की हा गोरिला एका मुलीवर भाळतो. वरून हुकूम असतो तिला मार. तो एकटाच डोंगरात उभा राहून स्वतःशी बोलतो, की जे केलंच पाहिजे आणि जे माझ्यानं होत नाही, त्या दोघांची गाठ कुठं पडते? मुलगी हसून लोळत होती. मला वाटलं, ही ओळ मला सुचायला हवी होती. डोक्यावर डबा नसता तर तिला कोणी हसलं नसतं.

त्या डब्यापाशी मी अडकलो, कारण तो डबा माझ्या ओळखीचा होता.

एप्रिल १९८४मध्ये राकेश शर्मा अंतराळात जाऊन आले. त्या वर्षीच्या स्नेहसंमेलनात आमच्या शाळेनं नाटक बसवलं, भारतीय तरुण चंद्रावर उतरतो असं. मी तेरा वर्षांचा. माझे अब्बा शिंपी होते, बाजारपेठेत एका मशीनचं दुकान. गुरुजी त्यांच्याकडं गेले. अब्बांनी अंतराळवीर पाहिला होता तो वर्तमानपत्रातल्या फोटोत. चहाच्या मोठ्या खोक्यांना आतून जो चंदेरी कागद असतो, तो त्यांनी वाण्याकडून आणला आणि जुन्या मांजरपाटावर टाचला. डोक्याला ॲल्युमिनियमचं पातेलं, समोरून कापलेलं. तोंडावरची काच म्हणून एक्स-रेची फिल्म, गरम सोड्याच्या पाण्यात धुऊन निळसर आरपार केलेली. आठ रात्री मशीन चालू होतं. पैसे घेतले नाहीत. अम्मी पातेल्यासाठी रुसली ती वेगळीच.

अंतराळवीर झाला होता पाटलांचा मुलगा. मी होतो चंद्रावरचा खडक, म्हणजे गोणपाटाखाली बसायचं. मुलगा ऐटीत उतरला, झेंडा रोवायला वाकला आणि पोशाख पाठीत टर्रकन उसवला, मानेपासून कमरेपर्यंत. आख्खं मैदान हसलं. गोणपाटाखाली मीही हसलो, आणि जरा मोठ्यानं हसलो. तो पोशाख कोणी शिवलाय हे साऱ्या वर्गाला ठाऊक होतं. आपण त्यातले नाही हे त्यांना ऐकू जावं म्हणून. अब्बा पहिल्या रांगेतून उठले. सदऱ्याच्या कॉलरमध्ये त्यांची सुई कायम टोचलेली असे. ते सरळ चंद्रावर चढले, खडकाशेजारी गुडघे टेकले, आणि माझ्यापासून हातभर अंतरावर त्यांनी तो पोशाख शिवायला घेतला. लोक आणखी हसले. ते हसणं पहिल्यासारखंच होतं की निराळं, मला सांगता येणार नाही. मी गोणपाट डोक्यावर ओढून घेतलं होतं.

रात्री जेवताना अब्बा एवढंच म्हणाले, "कागद ताणत नाही हे ध्यानात आलं नाही. पाठीत माया सोडायला पाहिजे होती." शिवणीच्या आत जे जादा कापड ठेवतात, त्याला शिंपी माया म्हणतात.

असो. मुद्दा असा, की चांगल्या सिनेमात शिवण आत असते, दिसत नाही. या सिनेमांत ती बाहेर असते. कोण किती रात्री जागलं, पैसे कुठं संपले, कोणाचं पातेलं कापलं गेलं, सगळं दिसतं. अमेरिकेत १९८८पासून टीव्हीवर एक कार्यक्रम लागत असे. पडद्याच्या तळाशी एक माणूस आणि दोन यंत्रमानव पाठमोरे बसलेले, आणि ते चालू सिनेमाची टर उडवत राहायचे. मी त्याचे काही भाग पाहिले. फार हजरजबाबी लोक. तरी मला ते तासाभरात नकोसे होतात. त्याहून नकोसे होतात हल्लीचे मुद्दाम वाईट काढलेले सिनेमे. २०१३मध्ये वावटळीतून शार्क मासे शहरावर कोसळतात असा एक आला, खूप गाजला. त्यात शिवण जाणूनबुजून उसवलेली आहे. उसवणाऱ्याचं काहीच गेलेलं नाही.

आपल्याकडचं मालेगाव या सगळ्यापासून जरा बाजूला बसतं. मालेगाव म्हटलं की वर्तमानपत्र वाचणाऱ्याला २००६ आणि २००८चे बॉम्बस्फोट आठवतात. यंत्रमागांचं गाव, शुक्रवारी माग बंद, आणि शुक्रवारी सिनेमा. व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी तिथल्या मित्रांना घेऊन आधी 'मालेगाव के शोले' काढला आणि मग 'मालेगाव का सुपरमॅन'. त्याच्या चित्रणावर फैझा अहमद खान यांनी २००८ साली केलेला माहितीपट जरूर पाहा. सुपरमॅन झालाय यंत्रमागावर काम करणारा शफीक, अंगानं काडी, पोशाख ढगळ. हिरव्या कापडापुढं त्याला आडवा धरायचा आणि मग संगणकावर त्याला उडवायचं. कॅमेरा फिरवायला बैलगाडी. एकदा तर कॅमेराच पाण्यात पडतो. यांना हसवायचंच आहे, त्यामुळे फसण्याचा प्रश्न नाही. एड वूडला घाबरवायचं होतं. पण घरच्या सामानातून आभाळ उभं करण्याची धडपड तीच. शफीक तोंडाच्या कर्करोगानं २०११ साली गेला. २०२५च्या फेब्रुवारीत या मंडळींवरचा हिंदी चित्रपट लागला, 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव', नामवंत नटांचा आणि नीटनेटका. मला तो आवडला. डोळे त्यातही भरून आले. पण पुन्हा पाहतो ते माहितीपटच.

तो आम्ही बापलेक मिळून पहिल्यांदा पाहत होतो तेव्हाची गोष्ट. सुपरमॅन आडवा झाला, हात पुढं केले, आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पाठीत माया सोडलीय. उसवणार नाही."

मुलीनं सिनेमा थांबवला. माया म्हणजे काय, तिनं विचारलं. मी तिला चंद्राचा पोशाख सांगितला, पातेलं सांगितलं, अब्बा सुई घेऊन कसे वर चढले ते सांगितलं. तिनं आजोबांना पाहिलेलं नाही. पुष्कळ हसली ती. मग म्हणाली, "आणि तुम्ही कुठं होतात?"

"मी खडक होतो," म्हटलं, "तू पुढचं लाव."