राखणीचा कुत्रा आणि धन्याची जबाबदारी



पशुवैद्यक आणि पशुपालकांच्या चिकोडीतल्या या संमेलनाचे अध्यक्षपद आपण मला दिले आहे. आपल्या संमेलनात दूध, चारा आणि जनावरांचे आजार यांवर भरपूर चर्चा होते. मी आज बोलणार आहे ते रस्त्यावर माणसाच्या अंगावर धावून जाणारा पाळीव कुत्रा आणि त्याचा धनी यांच्याविषयी.

निपाणीपासून सदलग्यापर्यंतच्या ऊसपट्ट्यात मळ्यातल्या वस्तीला राखणीचा कुत्रा लागतोच. बकरी राखणाऱ्या धनगरालाही तो हवाच. पण वस्तीपुढचा रस्ता सगळ्यांचा असतो. त्यावरून मुले सायकलने शाळेला जातात, माणसे पहाटे डेअरीला दूध घालायला निघतात. कुत्रा धावून येतो, दुचाकी घसरते आणि धनी दारातूनच सांगतो, "काही करत नाही तो!" दात लागला नाही, तरी पडलेल्या माणसाचा हात मोडतोच. 'कुत्र्यापासून सावध राहा' अशी कन्नड-मराठी पाटी फाटकावर लावली, म्हणून मोकळ्या सुटलेल्या कुत्र्याची जबाबदारी टळत नाही.

कुत्रा असा का होतो, हे आपण पशुवैद्यकांनी लोकांना समजावले पाहिजे. पिल्लाच्या पहिल्या तीन-चार महिन्यांत त्याला परकी माणसे, मुले, गाड्या यांची सवय झाली नाही, तर पुढे तो प्रत्येक परक्याला भितो, आणि भ्यालेला कुत्रा चावतो. दिवसभर आखूड साखळीला बांधणे, मारणे, गंमत म्हणून 'छू' करून दुसऱ्याच्या अंगावर सोडणे, यातून त्याचा स्वभाव बिघडतो. मुधोळचा कुत्रा बघा. मुधोळचे संस्थानिक मालोजीराव घोरपडे यांनी ज्याला नावलौकिक मिळवून दिला, ज्याच्यावर भारतीय टपाल खात्याने 2005 साली तिकीट काढले, तो माळावर शिकारीमागे धावणारा जातिवंत कुत्रा. त्याला पत्र्याच्या शेडखाली जखडून ठेवले, तर तो बिथरणारच. त्याचा दोष जातीला देऊ नका.

जातीवर बोट ठेवून हा प्रश्न सुटत नाही. केंद्र सरकारने मार्च 2024 मध्ये 23 जातींच्या कुत्र्यांवर बंदी घालण्याचे परिपत्रक काढले आणि पुढच्याच महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केले. धन्यावरची कायद्याची जबाबदारी मात्र कायम आहे. भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार, आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीचा धोका होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. हे कलम गावसभेत वाचून दाखवले पाहिजे.

भटक्या कुत्र्यांचा प्रश्नही धन्यापासून तुटलेला नाही. कुत्रीची नसबंदी करायची नाही आणि नको असलेली पिल्ले पोत्यात घालून बाजारात सोडून यायची, हे थांबले पाहिजे. नोव्हेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शाळा, रुग्णालये, बसस्थानके आणि रेल्वे स्थानकांच्या आवारातून भटकी कुत्री हलवण्याचे आदेश दिले. पण घरोघरची पिल्ले रस्त्यावर येतच राहिली, तर पंचायत किती कुत्री हलवणार?

सर्वांत मोठी भीती रेबीजची. लक्षणे दिसू लागली की माणूस वाचणे जवळपास अशक्य. म्हणून चावलेल्या जागी चटणी, चुना, हळद भरू नका. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटे जखम धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखाना गाठा. पोटातल्या चौदा इंजेक्शनांचा काळ कधीच मागे पडला. आता लस दंडात घेतात, आणि जखम खोल असेल तर तिथेच इम्युनोग्लोब्युलिनही द्यावे लागते. शेजारच्या गोव्यात 2013 पासून कुत्र्यांचे व्यापक लसीकरण झाले, शाळांतून मुलांना शिकवले गेले आणि 2018 पासून सलग तीन वर्षे तिथे रेबीजने एकही माणूस दगावला नाही. गोव्याने केले ते आपल्यालाही जमेल. दूधगंगेच्या एका काठाला महाराष्ट्रातले कागल-शिरोळ, दुसऱ्या काठाला कर्नाटकातले निपाणी-चिकोडी. कुत्री दोन्हीकडे फिरतात. त्यामुळे दोन्ही राज्यांच्या पशुसंवर्धन खात्यांनी एकाच आठवड्यात लसीकरण करावे, अशी मागणी मी या व्यासपीठावरून करतो.

दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार श्वान असतात आणि आपण त्यांनाही हात जोडतो. मग धन्याच्या चुकीपायी कुत्र्याने लोकांच्या काठ्या का खाव्यात?

कुत्रा पाळणाऱ्यांना माझे सांगणे एवढेच आहे. दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्या, नसबंदी करा, रस्त्यावर नेताना पट्टा हातात धरा. अंगावर जाण्याची सवय लागली असेल, तर तोंडाला मुसके बांधा आणि वस्तीभोवती कुंपण घाला. कुणाला चावलाच, तर तोंड लपवू नका. त्या माणसाला स्वतः दवाखान्यात न्या, खर्च सोसा आणि कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवा. पंचायतींनी प्रत्येक पाळीव कुत्र्याची नोंद ठेवावी. आणि माझ्या व्यवसायबंधूंनो, लस टोचून धन्याला नुसते घरी पाठवू नका. त्याचा कुत्रा धोकादायक होत असेल, तर तसे त्याच्या तोंडावर सांगा. गिऱ्हाईक तुटले तरी चालेल, पण शाळेच्या वाटेवरचे मूल सुखरूप घरी पोहोचले पाहिजे.