घरच्या आठवणीचा आजार

मुले जागी असतात तेव्हा वडील झोपलेले आणि वडील पाळीवर निघतात तेव्हा मुले झोपलेली, हे भिलाईच्या सेक्टरांतून वाढलेल्यांना निराळे सांगावयास नको. १९५९ साली येथे पहिली झोतभट्टी पेटली. भट्टीला रात्र नसते. म्हणून घरोघरी एक ताट झाकून ठेवलेले असे. नागपूर-विदर्भाकडून आलेल्या मराठी घरांनीही हा रिवाज अंगवळणी पाडून घेतला. अशा गावाला एका जपानी खेळाची गोष्ट परकी वाटू नये.

शिगेसातो इतोई हे जाहिरातींची वाक्ये लिहून नावारूपास आलेले लेखक. त्यांचा ‘मदर २’ हा टीव्हीला जोडून खेळावयाचा खेळ १९९४ साली जपानात निघाला आणि पुढल्या वर्षी ‘अर्थबाउंड’ या नावाने अमेरिकेत गेला. अशा खेळांचा नायक एरवी तलवार परजीत येतो. येथे नेस नावाचा साधा पोरगा बेसबॉलची दांडी घेऊन निघतो. त्याची सोबतीण पॉला तर चक्क तवा उगारते! वाटेत चिडखोर बायाबापड्याही अंगावर येतात. पण हरलेला माणूस मरत नाही, भानावर येतो.

नेसचे वडील मात्र खेळभर दिसत नाहीत. ते दूरध्वनीवर बोलतात, बँकेत पैसे भरतात, पोराची वाटचाल नोंदवून ठेवतात आणि फार वेळ खेळल्यास विश्रांती घ्यावयास सांगतात. नोकरदार बापाचे हे चित्र पाहून हसावे की ओशाळावे, हे ज्याचे त्याने ठरवावे. नेसला घरची आठवण येणे हा तेथे आजारच मानला आहे. ऐन लढाईत त्याचे हात चालेनासे होतात. औषध एकच, आईला फोन करणे. शिक्षणासाठी पुण्या-बंगळुरास गेलेल्या भिलाईच्या मुलांना ते ठाऊक आहे.

हा खेळ मध्यंतरी पार रखडला होता. मदतीस आलेल्या सातोरु इवाता यांनी सांगितले की, आहे तेच दुरुस्त करीत बसल्यास दोन वर्षे लागतील, मुळापासून नवे लिहिल्यास अर्धे. कित्येक कचेऱ्यांतील फायलींना हा हिशेब लागू पडावा!

अखेरच्या शत्रूपुढे सारी शस्त्रे निकामी ठरतात. पॉला प्रार्थना करते. ती वाटेत भेटलेल्या माणसांपर्यंत पोहोचते, आणि सरतेशेवटी पडद्यावर खुद्द खेळणाऱ्याचे नाव उमटते. ते खेळाने आधीच हळूच विचारून घेतलेले असते. मग नेस रमतगमत घरी परततो. घरी आई असते. वडिलांशी बोलणे मात्र तेव्हाही दूरध्वनीवरच.