सर्पगंधेची पुडी आणि आजीचं बीपी

‘सर्पगंधेचं चूर्ण घ्या, बीपीची गोळी सोडा’ असा फॉरवर्ड तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. आता गंमत बघा, सर्पगंधेनं बीपी खरंच उतरतं. घोळ पुढे आहे.

1931 मध्ये दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी आणि रफत हुसैन सिद्दीकी यांनी या मुळीतून अल्कलॉइड वेगळी काढली. अल्कलॉइड म्हणजे वनस्पतीत तयार होणारी नायट्रोजनयुक्त द्रव्यं. यातली बरीचशी थोडक्यातच जोरदार काम करतात. एकाला हकीम अजमल खानांवरून नाव मिळालं, अजमलीन. 1949 मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 50 बीपी पेशंटवरचे निष्कर्ष ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले आणि जगाचं लक्ष इकडे वळलं. 1952 मध्ये स्वित्झर्लंडच्या सीबा कंपनीत मुख्य द्रव्य हाती लागलं: रेसरपीन.

हे करतं काय? नसांच्या टोकांना नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या बारीक पिशव्या असतात. रेसरपीन त्या भरूच देत नाही. साठा आटतो, रक्तवाहिन्या सैलावतात, बीपी उतरतं. पण मेंदूतल्या सेरोटोनिन-डोपामाइनच्या पिशव्याही अशाच रिकाम्या होतात. म्हणून सुस्ती येते, काहींना नैराश्यही.

आता हिशोब. रेसरपीनची रोजची मात्रा साधारण 0.1 ते 0.25 मिलिग्रॅम. समजा एखाद्या मुळीत ते 0.1 टक्का आहे. मग 1 ग्रॅम चूर्णात झालं 1 मिलिग्रॅम. म्हणजे वरच्या मात्रेच्या चौपट! दुसऱ्या रानातल्या मुळीत याच्या निम्मंही असू शकतं. जास्तीत जास्त अल्कलॉइड मुळीच्या सालीत, त्यामुळे साल गळून गेली तर आकडा आणखी बदलतो. चव घेऊन यातलं काहीच कळत नाही.

कळतं ते एचपीएलसी यंत्रात. मुळीचा अर्क बारीक कणांनी गच्च भरलेल्या नळीतून दाबानं ढकलतात. प्रत्येक द्रव्य आपापल्या वेळेला बाहेर पडतं आणि आलेखावर टोक उमटतं. शुद्ध रेसरपीनच्या टोकाशी ताडून बघितलं की मात्रा समजते. सर्पगंधेच्या नावाखाली तिच्याच कुळातलं दुसरं झाड खपवलं असेल, तर टोकांची सगळी रांगच वेगळी दिसते. (हो, अशी भेसळ होते.)

तर आजी चूर्ण घेत असेल तर भांडू नका. पुडीचा फोटो काढा, बॅच नंबर दिसू द्या, आणि चालू गोळ्यांसोबत डॉक्टरांना दाखवा. पूर्वी कधी नैराश्य येऊन गेलं असेल, तर फोन आजच करा.