‘अ‍ॅग्नेट’ म्हणजे कोण?

इंग्रजी कोशांत ‘अ‍ॅग्नेट’ असा एक शब्द आढळतो. सामान्य इंग्रज माणूस तो क्वचितच उच्चारील. वकिलांच्या दप्तराबाहेर त्याचा फारसा वावर नाहीं. पण श्रोत्यांपैकीं ज्यांच्या घरीं वारसाचे कागद निघाले असतील, त्यांना तो परका वाटणार नाहीं. ज्याचें नातें सर्वस्वी पुरुषांच्या द्वारें पोंचतें, तो अ‍ॅग्नेट. मूळ लॅटिन शब्दांत ‘जन्मणें’ या अर्थाचा जो धातु आहे, तो संस्कृत ‘जन्’ धातूचा चुलतभाऊच. चुलता अ‍ॅग्नेट, चुलत्याची मुलगीहि अ‍ॅग्नेट. तिचीं मुलें मात्र नव्हेत. तीं ‘कॉग्नेट’.

प्राचीन रोममध्यें या भेदावर घरेंदारें अवलंबून असत. ख्रिस्तपूर्व ४५० च्या सुमाराच्या ‘बारा पाट्यां’च्या कायद्याप्रमाणें, घरधनी मृत्युपत्र न करतां व आपल्या सत्तेखालील संतति न ठेवतां वारला, तर मालमत्ता सर्वांत जवळच्या अ‍ॅग्नेटाकडे जाई. आई पतीच्या सत्तेखालीं आलेली नसेल, तर ती पोटच्या मुलाचीहि अ‍ॅग्नेट नसे. बापानें मुक्त केलेला मुलगाहि या नात्यांतून गळे. हें नातें रक्तापेक्षां सत्तेचेंच होतें! वारसापुरता हा भेद सम्राट जस्टिनियन यानें इ. स. ५४३ मध्यें मोडला.

मिताक्षरेंतील ‘गोत्रज सपिंड’ व ‘बंधु’ यांना प्रतिशब्द म्हणून इंग्रज न्यायाधीशांनीं हीच रोमन जोडी उचलली. येथें मराठी वाचक हमखास फसतो. बोलण्यांत बंधु म्हणजे भाऊ; मिताक्षरेंत बंधु म्हणजे भिन्न गोत्राचा सपिंड, जसा मामेभाऊ किंवा आतेभाऊ. अ‍ॅग्नेटाला जवळचा मराठी शब्द ‘भाऊबंद’ हाच.

खरा वाद बहिणीचा. विवाहानें तिचें गोत्र बदलतें, मग ती गोत्रज कशी? सतराव्या शतकांतील नीलकंठभट्टांनीं ‘व्यवहारमयूखा’त उत्तर दिलें कीं, ती भावाच्याच गोत्रांत जन्मली, म्हणून गोत्रज, आणि तिला बापाच्या आईच्या मागोमाग जागा दिली. गुजरात, मुंबई बेट व उत्तर कोंकण येथें मयूखाचा अधिकार मोठा मानला जाई. एका ‘ज’ अक्षरावर बहिणीचा हक्क उभा राहिला.

१९५६ च्या हिंदु वारसा कायद्यांत ‘अ‍ॅग्नेट’ शब्द व्याख्येसह आला, पण पुरुषाच्या मालमत्तेच्या क्रमांत त्याला तिसरी पायरी मिळाली. मुलगी, विधवा व आई मुलाबरोबर पहिल्या वर्गांत, बहीण व भाचा दुसऱ्यांत, भाऊबंद त्यानंतर. मामेभाऊ मात्र, कितीहि जिव्हाळ्याचा असला, तरी अजूनहि सातव्या पिढीच्या भाऊबंदामागें उभा आहे.