दोनशे तासांचा हिशेब

(युवक अभ्यास शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढं 'वैमानिक' असं छापलंय. ते वाचलं तेव्हा टाळ्या पडल्या. टाळ्या राहू द्या. वस्तीतलं एखादं पोरगं वर गेलं की आपण बॅनर लावतो, हलगी वाजवतो आणि मागं राहिलेल्या शंभर पोरांना विसरून जातो. मी मिरवायला आलेलो नाही, हिशेब मांडायला आलोय. ज्याला या धंद्यात शिरायचंय त्यानं आधी हिशेब ऐकावा, मग बापाच्या फंडाला हात घालावा.

पहिला आकडा २००. आपल्याकडं कमर्शियल पायलट लायसन्सला, म्हणजे सी.पी.एल.ला, २०० तासांचं उड्डाण लागतं. त्यातले १०० तास विमानाची सगळी जबाबदारी आपल्या एकट्यावर. ३०० सागरी मैलांची एक फेरी, वाटेत दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून. बाहेर न बघता नुसत्या काट्यांवर १० तास, रात्रीचे ५ तास. नॅव्हिगेशन, हवामान, हवाई नियम, तांत्रिक ज्ञान यांचे पेपर आणि प्रत्येकात किमान ७० टक्के. रेडिओची परीक्षा वेगळी, डॉक्टरी तपासणी वेगळी. यातला एकही आकडा जात विचारत नाही.

मग जात विचारतात कुठं? पैशाच्या खिडकीवर. फीचा आकडा चाळीस-पन्नास लाखांच्या घरात जातो. बँक म्हणते, साडेसात लाखांच्या वर कर्ज पाहिजे तर तारण आणा. तारण म्हणजे जमीन, घर, फ्लॅट. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना गावकुसाच्या आत पाय ठेवू दिला नाही, त्यांनी सातबारा कुठून आणायचा? बँकेच्या फॉर्मवर 'स्थावर मालमत्ता' असा रकाना असतो. आपल्यासाठी तो जातीचाच रकाना.

सरकार म्हणतं, शिष्यवृत्ती आहे. खरंच आहे. अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत सी.पी.एल.चं नाव चक्क पहिल्या गटात आहे. पण घरचं उत्पन्न वर्षाला अडीच लाखांच्या आत पाहिजे. माझा बाप एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक. त्याचा पगार त्या रेघेच्या जरा वर आणि विमानाच्या फीच्या कैक मैल खाली. आपली पहिली नोकरदार पिढी नेमकी या फटीत अडकते. गरीब म्हणून मदत नाही, श्रीमंत म्हणून ऐपत नाही. आमच्या घरी फंड गेला, आईचे दागिने गेले, मामाचं घर बँकेकडं तारण पडलं. तेव्हा कुठं २०० तास झाले.

आता दुसरा हिशेब, नोकरीचा. वर्तमानपत्रात सारखं छापून येतं, देशात वैमानिकांचा तुटवडा आहे. अर्धं सत्य आहे हे. तुटवडा कॅप्टनचा असतो. हजारो तास उडवलेल्या माणसाचा असतो. दोनशे तासवाल्या पोरांची दारात रांग असते. जाहिरात निघते : त्या जातीच्या विमानावर ५०० तासांचा अनुभव पाहिजे. (विमानालाही जात असते, बघा! तिला टाइप म्हणतात.) अनुभव नाही म्हणून नोकरी नाही, नोकरी नाही म्हणून अनुभव नाही. २०१२ मध्ये किंगफिशर बंद पडली, २०१९ च्या एप्रिलात जेट एअरवेज, २०२३ च्या मे महिन्यात गो फर्स्ट. दर वेळी अनुभवी वैमानिकांचा लोंढा बाजारात आला आणि आमच्यासारखे रांगेच्या पार शेवटाला ढकलले गेले. २०२० मध्ये मार्चच्या अखेरीपासून मेच्या अखेरीपर्यंत देशातली प्रवासी विमानंच जमिनीवर होती. आणि लायसन्स काही बी.ए.ची पदवी नव्हे, फ्रेम करून भिंतीवर टांगायला. इन्स्ट्रुमेंट रेटिंग ठरलेल्या मुदतीत पुन्हा चाचणी देऊन नवं करावं लागतं. हात चालता ठेवायला पदरचे पैसे मोजून उडावं लागतं. म्हणजे बेकारीलासुद्धा फी आहे. ज्याच्या बापाकडं पैसा आहे तो पाच वर्षं थांबू शकतो. आपला पोरगा दुसऱ्या वर्षी कॉल सेंटरला लागतो आणि त्याचे २०० तास गंजून जातात.

लोक म्हणतात, कमी तासांचा वैमानिक धोक्याचा. याचाही पंचनामा करू. अमेरिकेत १२ फेब्रुवारी २००९ ला कोल्गन एअर या प्रादेशिक कंपनीचं विमान बफेलोजवळ पडलं. विमानातले ४९ आणि जमिनीवरचा १, अशी ५० माणसं मेली. २०१० मध्ये कायदा झाला आणि २०१३ पासून तिथं सहवैमानिकालाही साधारणपणे १५०० तास सक्तीचे झाले. त्याआधी अडीचशे तासांवर काम मिळायचं. पण त्या विमानातल्या दोघांकडंही १५०० हून जास्त तास होतेच की! चौकशीत पुढं आलं ते वेगळंच. विमान स्टॉल होतंय अशी सूचना मिळाल्यावर उलटी हालचाल झाली. शिवाय दोघांचा थकवा, तुटपुंज्या पगारामुळं नोकरीच्या गावी घर न परवडणं, रात्र रात्र प्रवास करून ड्यूटीवर येणं, या सगळ्याची चर्चा झाली. तास मोजणं सोपं असतं. पगार आणि झोप मोजायला मालकाचा खिसा तपासावा लागतो.

आणि तास भरपूर असले की दार उघडतंच असंही नाही. मार्लन ग्रीन हे नाव लिहून घ्या. अमेरिकेच्या हवाई दलातला काळा वैमानिक. १९५७ मध्ये त्यानं काँटिनेंटल एअरलाइन्सकडं अर्ज केला. वंशाचा रकाना कोरा सोडला, फोटो लावला नाही. चाचणीला बोलावणं आलं. तिथं त्याचा रंग दिसला. त्याच्याहून कमी तासवाल्या गोऱ्यांना घेतलं, त्याला नाही. गडी खचला नाही, कोर्टात गेला. १९६३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं त्याच्या बाजूनं निकाल दिला आणि १९६५ मध्ये तो त्याच कंपनीत रुजू झाला. तिथं फोटो होता, इथं आडनाव आहे. मला एका मुलाखतीत विचारलं, "हे आडनाव कुठलं हो? घरात कुणी एव्हिएशनमध्ये?" मी म्हणालो, "वडील इंजिन दुरुस्त करतात." पुढचा प्रश्न आला नाही, पत्रही आलं नाही. कंपनीचं नाव सांगत नाही. नाव कुठलंही घाला, गोष्ट तीच.

मग मी लागलो कसा? छोट्या मार्गांवर ए.टी.आर. उडवणाऱ्या कंपनीत. २७ एप्रिल २०१७ ला उडान योजनेखाली पहिली विमानं उडाली, त्यात आपलं नांदेड-हैदराबादही होतं. छोट्या गावांना विमान आलं तशी छोटी विमानं वाढली, आणि छोट्या विमानाला कमी तासांचा माणूस चालतो. तिथली गाळणी अशी : लेखी परीक्षा, मग मानसशास्त्रीय चाचणी, मग सिम्युलेटर, मग मुलाखत. तास सगळ्यांचे सारखेच, म्हणून तिथं बाकीचंच तपासतात. पुस्तकं पक्की पाहिजेत. इंजिन बंद पडलं तर काय, पंखांवर बर्फ धरला तर काय. सिम्युलेटरमध्ये नजर एका काट्यावर अडकता कामा नये, आणि एखादी गोष्ट चुकली तरी पुढची नीट झाली पाहिजे.

इंग्रजीला घाबरू नका. आंतरराष्ट्रीय नियमानं लेव्हल ४ लागते. उच्चारावर मातृभाषेची छाप असली तरी चालते, फक्त समोरच्याला समजलं पाहिजे. कॉन्व्हेंटचा हेल कुठल्याही नियमात लिहिलेला नाही. दलालाला पैसे देऊ नका. बाँडवर सही करण्याआधी वकिलाला दाखवा. टाइप रेटिंगचा खर्च कोण करणार, हे आधी कागदावर घ्या. काही कंपन्या तोही उमेदवाराच्याच बोकांडी मारतात.

आणखी एक गोष्ट, सगळ्यांत महत्त्वाची. २७ मार्च १९७७ ला टेनेरिफच्या धावपट्टीवर दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली. ५८३ माणसं मेली. समोरचं विमान धावपट्टीवरून बाजूला झालं का, असा प्रश्न फ्लाइट इंजिनियरनं विचारला होता. ज्येष्ठ कॅप्टननं तो झटकला आणि विमान पुढं दामटलं. त्यानंतर साऱ्या जगातल्या वैमानिकांना नवा धडा शिकवायला लागले : धाकट्यानं बोलायचं आणि थोरल्यानं ऐकायचं. आता बघा, आपल्याला हजारो वर्षं काय शिकवलं? मान खाली घाल, साहेबासमोर बोलू नको. कॉकपिटमध्ये असं गप्प बसणं म्हणजे मागच्या सत्तर माणसांचा जीव घेणं. मी सगळ्यांत धाकटा, पण उतरताना विमान नीट बसत नसेल तर 'गो अराउंड' म्हणणं माझं काम आहे. मी ते म्हणालोय. कॅप्टननं ऐकलं आणि विमान परत वर घेतलं. तिथं माझं आडनाव कुणी विचारलं नाही.

शेवटी मागण्या. शिष्यवृत्तीची उत्पन्नाची रेघ फीच्या प्रमाणात वर न्या. सी.पी.एल.च्या कर्जाला तारणाऐवजी सरकारनं हमी द्यावी. लायसन्स झालेल्या बेकार पोरांचं रेटिंग चालू ठेवायचा खर्च समाजकल्याण खात्यानं उचलावा. एअर इंडिया २०२२ च्या जानेवारीत टाटांकडं गेली आणि तिथली राखीव जागांची बांधिलकी संपली. खाजगी कंपन्यांवर तर ती कधी नव्हतीच. कंपन्या खाजगी, पण धावपट्टी जनतेच्या पैशाची, उडानचं अनुदानही सरकारनंच उभं केलेलं. मग भरती किती लोकांची आणि कुणाची केली, हा हिशेब त्यांनी जाहीर करायलाच पाहिजे.

आणि तोवर आपण काय करायचं? ज्यांनी परीक्षा दिल्यात त्यांनी पुस्तकं खाली द्यावीत. ज्यांची मुलाखत झालीय त्यांनी प्रश्न लिहून ठेवावेत. मी माझी वही आजच शिबिराच्या ग्रंथालयात ठेवतोय. ज्याला पाहिजे त्यानं उतरवून घ्यावी. भाषणानंतर मी इथंच आहे. फीचा तक्ता घेऊन या, बाँडचा मसुदा घेऊन या, बसून वाचू.

जयभीम.